दोन जिवांचा प्रवास: बुद्धगया की अजिंठा?

मागच्या महिन्यात वाडीतली आमची आरोग्य बैठक संपली. बायका आपापल्या घरी गेल्या, पण एक जोडपे मागे रेंगाळले. तो ट्रान्सपोर्टच्या गोदामात हिशेब लिहितो, ती घरी शिलाई करते. लग्नाला दोन वर्षे झाली. पहिलंच बाळंतपण, अठरावा आठवडा. सोबत सासऱ्यांची आई, म्हणजे आजी, आली होती.

तो म्हणाला, "ताई, बाळ झाल्यावर दोन-तीन वर्षं कुठं निघणं होत नाही. दिवाळीचे थोडे पैसे राहिले आहेत. त्याआधी दोघांनीच एकदा जाऊन यावं म्हणतो. मी म्हणतो बुद्धगया, ही म्हणते अजिंठा. कुठं जावं?"

आम्ही उत्तर देण्याआधीच आजी बोलल्या, "पोटुशी बाईनं कायले फिराव? आमच्या वेळेस कोण गेलं होतं व फिराले? घरी बस म्हणा तिले."

पैसेवाल्यांच्या घरी आता अशा सहलीला वेगळे नावसुद्धा आहे, बेबीमून. कोणी पॅरिसला जाते, कोणी रोमला. आपल्या वस्तीत हा विषय निघाला की पहिल्यांदा हसू येते आणि मग कोणीतरी रागावते. पण आम्हाला तो प्रश्न आवडला. नवरा-बायको दोघे मिळून विचारायला आले होते आणि निघण्याआधी आले होते. आमच्या नोकरीच्या काळात आमच्याकडे येणारे बहुतेक जण निघाल्यानंतर आले, आणि तेही त्रास सुरू झाल्यावर. म्हणून या वेळी हाच पाठ घेऊ.

महामायेचा प्रवास

सिद्धार्थाच्या जन्माची कथा आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. दिवस भरत आले तेव्हा महामायेने माहेरी, देवदहला, जायची इच्छा सांगितली. शुद्धोदनाने पालखी दिली, सोबत माणसे दिली. वाटेत लुंबिनीच्या शालवनात तिला कळा सुरू झाल्या आणि तिथेच, झाडाखाली, सिद्धार्थाचा जन्म झाला. बाळ सात दिवसांचे असताना महामाया गेली. मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथाच्या सुरुवातीलाच हे सांगितले आहे.

आपण ही कथा दर वैशाख पौर्णिमेला ऐकतो. ती परिचारिकेच्या कानाने ऐकली तर त्यात तीन गोष्टी सापडतात. पहिली, प्रवास दिवस भरत आल्यावर झाला. दुसरी, बाळंतपण वाटेत झाले. तिसरी, आई गेली ती बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात. राजघराण्याची पालखी होती, दासदासी होत्या, तरी हे घडले. आजही आईच्या जिवाला मोठा धोका बाळंतपणाच्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यातच असतो.

म्हणून आजींना आम्ही सांगितले, "आजी, तुमची भीती खोटी नाही. पण घरी बसवणे हा त्यावरचा इलाज नाही. कोणत्या महिन्यात, कशाने आणि कुठे जायचे, हे आधी ठरवणे हा इलाज आहे."

कोणते दिवस बरे?

गरोदरपणाचे तीन भाग करा. पहिले तीन महिने उलट्या, थकवा आणि गर्भ पडण्याची भीती असते. शेवटच्या तीन महिन्यांत पोट जड, पाय सुजलेले आणि कळा कधीही सुरू होण्याची शक्यता असते. मधला काळ, म्हणजे साधारण १४ ते २८ आठवडे, प्रवासाला सर्वांत बरा. या जोडप्याचा डिसेंबरच्या मध्यावर बाविसावा आठवडा येत होता. म्हणजे काळाची अडचण नव्हती.

आपल्याकडे मात्र गरोदर बाईचा सर्वांत मोठा प्रवास भलत्याच वेळी होतो. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्यात जाऊ, मग आठव्यात, मग लग्न आहे ते आटोपून नवव्यात, असे करत पोरगी एसटीच्या मागच्या सीटवर बसून दोनशे किलोमीटर जाते. माहेरी जायचेच असेल तर ३२ आठवड्यांच्या आत जा. तिकडच्या आशाताईला आणि आरोग्य केंद्राला गेल्या गेल्या कळवा. सगळे कागद सोबत न्या. विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की बहुतेक कंपन्या शेवटच्या दोन महिन्यांत डॉक्टरांचे पत्र मागतात आणि दिवस भरत आले की बसूच देत नाहीत. एसटीत आणि रेल्वेत असे विचारायला कोणी नसते, म्हणून आपणच स्वतःला विचारायचे.

निघण्याआधी चार तपासण्या

आम्ही दोघांना म्हटले, आधी फाइल दाखवा, गावाचे नंतर बोलू. फाइलमध्ये काय पाहिले ते सांगतो, कारण हे प्रत्येक घराने पाहायचे आहे.

एक, रक्त. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर गरोदरपणात त्याला रक्तक्षय म्हणतात. ७ पेक्षा कमी असेल तर गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या पोरीचे होते ९.२. गोळ्या मिळाल्या होत्या, पण मळमळते म्हणून डब्यात पडून होत्या. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ कमी होते. चहासोबत घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका.

दोन, सिकलसेल. विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणात आहे. पोरीच्या कागदावर 'एएस' लिहिले होते, म्हणजे ती वाहक आहे, आजारी नाही. आम्ही नवऱ्याला विचारले, "तुझी तपासणी?" तो म्हणाला, "मले काय झालं?" इथेच घोटाळा होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त पूर्ण निर्दोष असेल, तर बाळ फार तर वाहक होते, आजारी होत नाही. म्हणून बायको वाहक निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याचे रक्त तपासले पाहिजे. दोघे वाहक निघाले तर डॉक्टरांशी लगेच बोलावे, कारण पोटातल्या बाळाची तपासणी करायची की नाही हे ठरवायला दिवस मोजकेच असतात. वाहक असणे हा दोष नाही, त्यावरून कोणी कोणाला बोल लावू नये. ज्या बहिणीला सिकलसेलचा आजारच आहे, तिने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब जाऊ नये. थंडी, पाणी कमी पिणे आणि थकवा, या तिन्हींनी अंगदुखीचा झटका येतो, आणि प्रवासात तिन्ही एकत्र येतात.

तीन, सोनोग्राफी. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बाळाची वाढ दिसते, तशी वार कुठे आहे तेही दिसते. वार खाली असेल तर अचानक रक्तस्राव होऊ शकतो. पुष्कळदा ती पुढे वर सरकते, पण तोवर लांबचा प्रवास नको.

चार, रक्तदाब आणि लघवीची तपासणी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तपासणी मोफत होते. निघण्याआधीची ९ तारीख चुकवू नका.

आमच्या डोळ्यांसमोरची रात्र

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. पहाटे एक बाई आणली. आठवा महिना. नात्यातल्या लग्नाहून रात्रभर बसने परतत होती, वाटेत रक्तस्राव सुरू झाला. घरच्यांना वाटले, गावी पोहोचू, मग बघू. तीन तास तशीच बसून आली. आम्ही विचारले, फाइल? घरी. रक्तगट? माहीत नाही. वार खाली असल्याचे कोणी सांगितले होते का? नवरा म्हणाला, "डॉक्टर काहीतरी बोलले होते, कागदात आहे." कागद कपाटात होता.

आई वाचली. बाळ गेले. रक्तगट तपासून रक्त जुळवायला जो वेळ गेला, तो आम्ही भिंतीवरच्या घड्याळात मोजत होतो. आणखी एक गोष्ट कबूल करतो. त्या बाईला आम्ही आधीच्या महिन्यात तपासणीच्या रांगेत पाहिले होते. कुठे जाणार आहेस का, असा साधा प्रश्न आम्ही तेव्हा विचारला नाही. तेव्हापासून प्रत्येक गरोदर बाईला विचारतो.

बुद्धगया की अजिंठा?

आता मूळ प्रश्न. दोन्ही ठिकाणे आपलीच. प्रश्न श्रद्धेचा नाही, अंतराचा, ऋतूचा आणि जवळच्या दवाखान्याचा आहे.

बुद्धगयेची जमेची बाजू म्हणजे ठिकाण सपाट आहे. चढ-उतार थोडा, विहाराच्या आवारात निवांत बसता येते. गयेला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि बुद्धगया तिथून बारा-तेरा किलोमीटरवर. अडचण वाटेची आहे. नागपूरहून बहुतेक वेळा गाडी बदलावी लागते, एक रात्र आणि एक दिवस सहज जातो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. थंडी आपल्याला सवय नसलेली. त्याच दिवसांत जगभरातून उपासक येतात, राहायला जागा मिळणे कठीण होते. एप्रिल-मे म्हणाल, तर गयेचा उन्हाळा नागपूरसारखाच भाजून काढतो. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरे.

अजिंठ्याची जमेची बाजू म्हणजे वाट. नागपूरहून जळगाव रेल्वेने सहा-सात तास, थेट, दिवसाउजेडी. जळगावहून लेणी साठेक किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धे तिकीट. राज्य आपले, भाषा आपली, १०८ ची रुग्णवाहिका सगळीकडे तीच. मोठी सरकारी रुग्णालये जळगावला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. अडचण लेण्यांची आहे. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते, तिथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर बस. मग पायऱ्यांचा चढ. आत अंधार, जमीन उंचसखल, पादत्राणे बाहेर. घसरून पडणे हाच तिथला मोठा धोका. डोलीवाले असतात, त्यांचा भाव आधी ठरवावा आणि लाजू नये. वेरूळला त्यामानाने सोपे जाते. १ ते १२ क्रमांकाची बौद्ध लेणी एका बाजूला ओळीने आहेत, दहाव्या लेण्यातला चैत्य पाहायला फार चढावे लागत नाही. बाराव्या तीन मजली लेण्याचे वरचे मजले मात्र सोडून द्या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, तसा बेत करा.

पोरगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, अजिंठ्यात मायादेवीचं चित्र आहे ना?" आहे. दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर महामायेचे स्वप्न आणि सिद्धार्थाचा जन्म रंगवलेला आहे. ते लेणे चढ संपल्यावर लगेच सुरुवातीलाच लागते. सव्विसाव्या लेण्यातले महापरिनिर्वाणाचे शिल्प दुसऱ्या टोकाला. तिला म्हटले, पहिली दोन लेणी पाहा, बसा, पाणी प्या. दम राहिला तर पुढे, नाही तर परत. सगळे पाहिलेच पाहिजे असे तिकिटावर लिहिलेले नाही.

तारखेचेही सांगितले. ६ डिसेंबरच्या आधी-नंतर तीन-चार दिवस त्या मार्गाने जाऊ नका. चैत्यभूमीला जाणारी सारी गर्दी याच भुसावळ-जळगावच्या वाटेने जाते. महापरिनिर्वाण दिनाला पोटुशी बाईने मुंबई गाठायचा हट्ट धरू नये. घरी किंवा विहारात वंदना घ्यावी, ती तेवढीच मोलाची.

बुद्धगयेला जायचेच नाही का? जायचे. रक्त चांगले, वार वर, खालचा बर्थ पक्का आणि ऋतू बरा असेल, तर पाचव्या-सहाव्या महिन्यातली बाई जाऊ शकते. या पोरीचे ९.२ रक्त आणि डिसेंबरचे धुके पाहता आम्ही अजिंठा-वेरूळ म्हटले. आणि जिचा रक्तदाब वाढलेला आहे, जुळी आहेत, रक्तस्राव झाला आहे, आधीचे बाळ दिवस भरण्याआधी झाले आहे किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे, तिने दोन्ही सोडावे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस, चिचोलीचे शांतिवन, आपली दीक्षाभूमी. सकाळी जाऊन दुपारी परत. सोबत नवरा हवा, गाव कोणते का असेना.

वाटेत काय सांभाळावे

रेल्वेत गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवर जा. जनरल डब्यात मुळीच नको.

दर दोन तासांनी उठून थोडे चाला, बसल्या जागी पाऊल वर-खाली करा. गरोदरपणात रक्त घट्ट होण्याकडे कल असतो. एकाच जागी बसून राहिले तर पायात गाठ होऊ शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे आले तर लगेच डॉक्टर. लघवी रोखू नका, आणि लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. आपल्या बायका प्रवासात हेच करतात आणि परत आल्यावर लघवीची जळजळ घेऊन येतात.

बसमध्ये मधली सीट घ्या, मागची नको. कारमध्ये पट्टा लावा. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांवरून, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून. पोटावरून पट्टा नको. मोटारसायकलवर लांब जाऊ नका. वाडीतल्या ट्रकच्या रस्त्याने तर नाहीच.

पाणी घरचे किंवा उकळलेले. कापून ठेवलेली फळे, उघडी चटणी, रस्त्यावरचा बर्फ टाळा. घाण पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांना बरी होते, गरोदर बाईचा मात्र शेवटच्या महिन्यांत जीव घेऊ शकते. रात्री मच्छरदाणी.

पिशवीत हे असू द्या: माता व बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार, चालू गोळ्या, ओआरएस, भाजलेले चणे-शेंगदाणे, गूळ, केळी, सुती कापड. परतीचे पैसे वेगळ्या पाकिटात, आणि ते नवऱ्याच्या नव्हे, तिच्याजवळ.

ही लक्षणे दिसली की तिथेच थांबा

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे. पोटात सतत किंवा थांबून थांबून कळ येणे. खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे. चेहरा आणि हात सुजणे. झटका येणे. ताप. धाप लागणे. बाळाची हालचाल कळू लागल्यानंतर ती कमी होणे.

यातले एकही दिसले तर घरी पोहोचून बघू असे म्हणू नका. महाराष्ट्रात १०८, देशात कुठेही ११२, रेल्वेत १३९. सरकारी रुग्णालयात गरोदर मातेचा उपचार आणि बाळंतपण मोफत आहे, तो तिचा हक्क आहे.

चैन नव्हे

शेजारीण म्हणेल, गरिबाला कसली ही चैन? १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी-नंतर विश्रांती आणि भत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या वर्षी कायदा झाला. त्याच माणसाच्या घरी रमाईने चार लेकरे गमावली होती. पोटुशी बाईची विश्रांती आणि काळजी ही चैन नाही, हे आपल्याला बाहेरच्या कोणी शिकवायला नको. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला पगारी रजा आजही मिळत नाही. तिला दोन दिवस तरी कोणीतरी चहा हातात द्यावा.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले? नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी रक्त दिले. रिपोर्ट निर्दोष आला. सोनोग्राफीत वार वर आहे. पोरीने महिनाभर गोळ्या न चुकवता घेतल्या, रक्त १०.१ झाले. डॉक्टरांनी जा म्हटले. महिन्याच्या मध्यावरचे जळगावचे तिकीट काढले आहे, खालचा बर्थ. आजींनी शेंगदाण्याचे लाडू करायला घेतले आहेत. वर म्हणतात, "मायादेवीले माझा नमस्कार सांगजो."

तुम्ही कुठे जाणार असाल किंवा नसाल, आज एक काम करा. घरात गरोदर बाई असेल तर तिची फाइल काढा. तिचा रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन आणि दोघांचा सिकलसेल रिपोर्ट त्यात आहे का पाहा. नसेल तर उद्या सकाळी आशाताईला भेटा. असेल तर तिन्ही गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून त्या बाईच्या पाकिटात ठेवा. कपाटातला कागद वाटेत कामाला येत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.